पान क्रमांक चारशे बारा

सोमवार, ३ फेब्रुवारी

बायकोने वाढदिवसाला ही डायरी दिली तेव्हा माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं आहेच काय, असा मला प्रश्न पडला होता. आज उत्तर मिळालं. केंद्राची अख्खी वेबसाइट नव्या फ्रेमवर्कवर नेण्याचं काम डॉक्टरबाईंनी माझ्या एकट्यावर सोपवलं. एकट्यावर, कारण विभागात मी एकटाच आहे; पण तो तपशील तूर्त बाजूला ठेवू.

आमचं केंद्र विषबाधेची माहिती देतं. पोराने भलतंसलतं काही गिळलं, कुणी चुकून औषधाचा दुप्पट डोस घेतला, की लोक आम्हाला फोन करतात किंवा वेबसाइट बघतात. फोनची खोली सिस्टरच्या ताब्यात आहे, सगळ्यांच्या वर डॉक्टरबाई, आणि वीज लावल्यावर जे जे चालतं ते माझ्याकडे. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच येते.

वेबसाइटवर प्रत्येक वस्तूचं एक पान आहे आणि प्रत्येक पानाला नंबर. तोच पानाचा पत्ता. आमच्या साइटचं नाव, मग एक तिरपी रेघ, मग नंबर. झालं. इतके रूक्ष पत्ते मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. नव्या साइटवर पत्ते सुंदर करायचे असं मी मनाशी ठरवलंय. एक्केचाळीस म्हटल्यावर कुणाला काय कळणार? 'भांड्यांचा-साबण' असं लिहिलं की शेंबड्या पोरालाही कळेल.

शेंबडं पोर पत्ता वाचतं कधी, असं बायकोने विचारलं. तिला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. त्या बसत नाहीत. उभ्यानेच प्रश्न विचारतात आणि आपण वॉर्डात पडलोय असं वाटायला लावतात.

"पत्ते बदलणार म्हणे?"

"सुधारणार," मी म्हटलं.

"तक्त्याचं काय?"

तक्ता म्हणजे केंद्राने घरोघरी वाटलेला चित्रांचा कागद. साबण, फिनेल, गोळ्या, घड्याळातली चपटी बॅटरी अशी चित्रं, प्रत्येक चित्राखाली पानाचा नंबर. दवाखान्यांतून, पाळणाघरांतून, लोकांच्या फ्रिजवर तो चिकटलेला आहे.

मी त्यांना शांतपणे समजावलं, की यालाच रीराइट म्हणतात. कुणी जुना नंबर टाकला तर सर्व्हर दारातच त्याला हाताला धरून नव्या पत्त्यावर नेऊन सोडतो. माणसाला पत्ताही लागत नाही.

"सगळे नंबर?"

"सगळे."

"तपासाल ना?"

बारा वर्षं या क्षेत्रात काढल्यावर मला हे ऐकावं लागतं. मी नुसता हसलो. हसण्यात जरा थोरपणा मिसळला होता, तो त्यांच्या लक्षात आला असावा. सिस्टरना मी आवडत नाही, हे आता माझ्या ध्यानात आलंय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज नियम लिहिले. एका जुन्या नंबराला एक ओळ. अमुक नंबर आला तर तमुक पानावर पाठव. हे काम दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून यंत्राकडून करून घेता आलं असतं, पण पत्त्यांची नावं सुचायला कवीचं मन लागतं, म्हणून मी सगळ्या ओळी हाताने लिहिल्या. 'उंदराचं-औषध' हा पत्ता मला विशेष साधलाय.

प्रत्येक ओळीत नंबराच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्यावं लागतं. 'नंबर इथे संपला' एवढाच त्याचा अर्थ. ते नसलं तर सर्व्हर सुरुवातीचे आकडे जुळले की पुढचे बघायचे कष्ट घेत नाही. नवशिके हमखास इथेच आपटतात.

मधे बायकोचा फोन आला. लेकीचा पोहण्याचा क्लास आज लवकर सुटणार, आणायला कोण जाणार? मी म्हटलं, मी एका नाजूक कामात आहे. ती म्हणाली, माझ्यासमोर तीस मुलं आहेत आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांचे केस धरलेत, तुझं किती नाजूक आहे? (ती शाळेत शिकवते.) शेवटी मीच जातो म्हटलं. मग कुठे होतो आपण, एक्केचाळीसवर की बेचाळीसवर, असं करत पुन्हा सूर लागला आणि क्लास सुटेपर्यंत पाऊणएकशे ओळी झाल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एक तात्त्विक निर्णय घेतला. सर्व्हरने माणसाला नव्या पत्त्यावर पाठवताना 'हे तात्पुरतं आहे' असं सांगायचं, की 'हे कायमचं आहे' असं? कायमचं म्हटलं की त्याचा ब्राउजर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारता थेट तिकडे जातो. सर्व्हरचे श्रम वाचतात.

पुस्तकांत लिहिलंय की आधी काही दिवस तात्पुरतं ठेवावं, सगळं नीट चाललं की मग कायमचं करावं. ज्यांना स्वतःबद्दल खात्री नसते त्यांच्यासाठी हा सल्ला योग्यच आहे.

कायमचं केलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पानांचं रूपही पालटलं. पूर्वी प्रत्येक पानावर वस्तूचं ठसठशीत नाव आणि भलंमोठं चित्र असे. पत्त्यातच इतकं छान नाव असताना पानावर पुन्हा ते ओरडून कशाला सांगायचं? आता नाव वरच्या कोपऱ्यात, बारीक, राखाडी. चित्र काढून टाकलं, त्यामुळे पान पिसासारखं हलकं झालं. मधोमध मोठ्या अक्षरात फक्त सल्ला. हिरव्या पट्ट्यावर 'घाबरू नका', लाल पट्ट्यावर 'ताबडतोब रुग्णालयात जा'.

सिस्टर म्हणाल्या, "मोबाइलवर पत्ता दिसतो का?"

मी म्हटलं, वर टिचकी मारली की दिसतो.

मोबाइल खिशात टाकून त्या निघून गेल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

साइट सुरू! सकाळी डॉक्टरबाईंसमोर तपासणी केली. पहिला नंबर, शेवटचा नंबर, मधले मनाला येतील तसे डझनभर. एक्केचाळीस आवर्जून टाकला, कारण 'भांड्यांचा-साबण' हा माझा पहिलावहिला सुंदर पत्ता. लोण्यातून सुरी जावी तसा उघडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान." त्या सहसा कुणाला छान म्हणत नाहीत. मी दिवसभर हरभऱ्याच्या झाडाच्या अगदी शेंड्यावर होतो.

घरी लेकीला दाखवलं. तिने विचारलं, "चित्रं कुठे गेली?" तिला वाचता येतं, तरी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आठवड्याचे आकडे आले. एक गंमत झालीय. भांड्यांच्या साबणाचं पान एकदम साइटवरच्या पहिल्या पाचांत आलंय! पूर्वी त्याला कुणी विचारत नव्हतं. मी आलेख काढला; रेघ सरळ आभाळाकडे निघालीय. सुंदर पत्त्याची किमया, दुसरं काय. दुसऱ्या काही पानांना मात्र या आठवड्यात एकही वाचक नाही. बॅटरी, झुरळाची गोळी, टॉयलेट साफ करायचं ॲसिड. लोक सावध झाले असावेत.

आलेख छापून डॉक्टरबाईंच्या दारावर लावला.

मंगळवार, ४ मार्च

लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

दुपारी सिस्टर आल्या. आज पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. त्यावरूनच काहीतरी भयंकर झालंय हे कळायला हवं होतं; मला वाटलं, पाय दुखत असतील.

त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. "चारशे बारा टाका."

मी टाकला. पान उघडलं. हिरवा पट्टा. 'घाबरू नका. तोंड पुसून घोटभर पाणी पाजा. घरीच लक्ष ठेवा.'

"हे कशाचं पान आहे?"

कोपऱ्यातलं राखाडी नाव वाचायला मला मोबाइल नाकाजवळ न्यावा लागला. भांड्यांचा साबण.

"चारशे बारा म्हणजे चपटी बॅटरी," सिस्टर म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "अन्ननलिकेत अडकली तर तासा-दोन तासांत आतून भाजायला लागते. एका आजोबांनी काल सकाळी तक्त्यावर बघून हा नंबर टाकला. नातू दीड वर्षाचा. रिमोटमधली बॅटरी गिळली. पानाने सांगितलं घाबरू नका, तर ते घाबरले नाहीत. पाणी पाजलं, मांडीवर घेऊन बसले. सून दुपारी कामावरून आली, मूल लाळ गाळतंय, काही गिळत नाहीये. तिने आम्हाला फोन केला. मी रुग्णालयात पाठवलं. काल संध्याकाळी काढली बॅटरी."

"आणि बाळ?"

"आहे. आत जखम आहे."

खात्रीसाठी माझ्या मोबाइलवरही चारशे बारा टाकला. साबणच. मग नियमांची फाइल उघडली. शोधावं लागलं नाही. एक्केचाळीसची ओळ. शेवटचं डॉलरचं चिन्ह नव्हतं. त्यामुळे ४ आणि १ या आकड्यांनी सुरू होणारा जो जो नंबर आला, चारशे दहापासून चारशे एकोणीसपर्यंत, तो सर्व्हरने गपकन गिळला आणि साबणाकडे धाडला. आणि एक्केचाळीस मी स्वतः तपासला होता. तो बरोबरच उघडणार होता.

चिन्ह टाकलं. एक टिचकी. नवशिके हमखास इथेच आपटतात, असं याच वहीत मागे कुणीतरी लिहून ठेवलंय.

डॉक्टरबाईंच्या दारावरचा आलेख काढायला गेलो तर तो आधीच कुणीतरी काढला होता.

बुधवार, ५ मार्च

वाटलं होतं, चिन्ह टाकलं, निदान पुढचं तरी निस्तरलं. सिस्टरनी सकाळी पुन्हा स्वतःच्या मोबाइलवर चारशे बारा टाकला. साबण. माझ्या मोबाइलवर टाकला. साबण.

मग आठवलं. कायमचं.

ज्यांनी ज्यांनी गेल्या दोन आठवड्यांत यांतला एखादा नंबर टाकून पाहिला, त्यांच्या ब्राउजरने माझा शब्द प्रमाण मानून तो लक्षात ठेवलाय. आता ते सर्व्हरला विचारायला येतच नाहीत. मी दार दुरुस्त केलं, पण ते दारावरून जातच नाहीत. असे लोक किती, कोण, कुठे, मला ठाऊक नाही. पाळणाघरं असतील, दवाखाने असतील. सर्वांना फोन करून 'तुमचा ब्राउजर विसरायला लावा' असं सांगणं शक्य नाही. माझ्या आईला ब्राउजर म्हणजे काय ते समजावण्यात माझी चार वर्षं गेली आहेत.

डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळं नीट लिहून काढा. फाइली कुठे आहेत, पासवर्ड कुठे आहेत. उद्या दुसऱ्या कुणाला समजेल अशा भाषेत."

मी तत्परतेने होकार दिला. अशा कठीण वेळीही त्यांना माझं ज्ञान जतन करावंसं वाटतं, ही मोठीच गोष्ट आहे. बायकोला सांगितलं तेव्हा तिने माझं ताट वाढलं आणि म्हणाली, "थोडं जेवून घे."

गुरुवार, ६ मार्च

सकाळी डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत सिस्टरचा आवाज. "बाहेरचा माणूस आणून काय होणार? त्याला शोधण्यातच आठवडा जाईल. गुंता त्यांनी केलाय, त्यांनाच सोडवू द्या. मी बघते त्यांच्याकडे." बघते म्हणजे माझी खोड मोडणार, हे उघड आहे. लगेच प्रत्यय आला. हुकूम निघाला, की साइट सुधारेपर्यंत मी लॅपटॉप घेऊन फोनच्या खोलीत बसायचं. त्यांच्या नजरेसमोर. शाळेत पहिल्या बाकावर बसवतात तसं.

खोली लहान आहे. तीन टेबलं, तीन फोन, भिंतीवर तक्ता. सिस्टरनी मला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि न विचारता चहाचा कप ठेवला. कप ठेवला तोही आपटून.

दिवसभर ऐकत होतो. बायका, बाप्ये, एक रडणारा ड्रायव्हर. फोन घेतला की सिस्टरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काय पोटात गेलंय?" मग दुसरं, "डबा किंवा पाकीट हातात घ्या आणि मला वाचून दाखवा." समोरचा माणूस कितीही ओरडत असू दे, त्या आधी हे विचारतात. कारण तो घाबरून भलतंच सांगत असतो. एका बाईने शांपू शांपू म्हणून आकांत मांडला होता, बाटली वाचायला लावली तर निघालं उवा मारायचं लोशन.

माझं पान कुणाला काहीच विचारत नाही. कुणीही येवो, त्याला मिठी मारून सांगतं, घाबरू नका.

दुपारी जेवताना घास हातातच राहिला. ते सगळे ब्राउजर 'भांड्यांचा-साबण' या पत्त्यावर येणारच ना? मी त्यांना थांबवू शकत नाही. पण त्या पत्त्यावर काय ठेवायचं, ते तर माझ्या हातात आहे! साबणाचं पान तिथून उचलून दुसरीकडे ठेवायचं, आणि या पत्त्यावर फक्त एक प्रश्न: काय पोटात गेलंय? खाली मोठी मोठी चित्रं. साबण, बॅटरी, झुरळाची गोळी, ॲसिड, सगळी. चित्रावर बोट ठेवलं की बरोबर पान. आणि सर्वांत वर लाल पट्ट्यावर फोनचा नंबर.

सिस्टरना सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. "कधी होईल?"

"आत्ता."

"मग जेवताय काय?"

शुक्रवार, ७ मार्च

झालं. सिस्टरच्या मोबाइलवर, माझ्या मोबाइलवर, जिथे जिथे जुनी चूक मुरली होती तिथे सगळीकडे आता प्रश्नाचं पान येतं. जुन्या नंबरांवरून नव्या पत्त्यांवर नेणारी सगळी वळणं 'कायमची' वरून 'तात्पुरती' वर आणली. मग विचार केला आणि ती वळणंच काढून टाकली. आता चारशे बारा टाकलं की चारशे बाराच उघडतं आणि पत्ता चारशे बाराच राहतो. सुंदर पत्ते मेनूत ठेवलेत, ज्यांना हवेत त्यांच्यासाठी. आतापर्यंत कुणाला नकोत.

प्रत्येक पानावर चित्र परत आलं आणि नाव अंगठ्याएवढ्या अक्षरात. लेकीने चित्रं निवडायला मदत केली. बॅटरीचं मी निवडलेलं चित्र बघून म्हणाली, "हे नाणं आहे." दुसरं घेतलं.

आणि हो, सगळेच्या सगळे नंबर तपासले. आधी प्रोग्रॅमने, मग प्रोग्रॅमवर विश्वास नाही म्हणून हाताने. सिस्टर फोनच्या मधल्या वेळात तक्त्यावरचा नंबर पुकारत होत्या, मी टाकून पानाचं नाव मोठ्याने वाचत होतो. चुकून माझं लक्ष खिडकीकडे गेलं की त्या तोच नंबर पुन्हा पुकारायच्या.

सोमवार, १० मार्च

बाळ आज घरी गेलं. महिनाभर पातळ अन्न, मग पुन्हा तपासणी. डॉक्टर म्हणतात, भरून येईल. हे सिस्टरनी सांगितलं. त्या रोज संध्याकाळी घरी जाताना रुग्णालयात डोकावत होत्या, हे मला आज कळलं.

मी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा मोठ्याने सोडला गेला असावा.

"तुम्ही त्यांना जे पत्र पाठवलंत," सिस्टर म्हणाल्या, "ते मला वाचून दाखवता का?"

पत्र मीच लिहिलं होतं, डॉक्टरबाईंची सही घेऊन. मला ते चांगलं जमलंय असं वाटत होतं. वाचलं. "नवीन प्रणालीत स्थलांतर होत असताना काही तांत्रिक कारणास्तव काही पानांच्या जोडणीत तात्पुरती विसंगती निर्माण झाल्याचे निदर्शनास आले असून, झालेल्या गैरसोयीबद्दल केंद्र दिलगीर आहे."

"यात कोण चुकलं, ते कळतं का?"

मी पुन्हा वाचलं. मनातल्या मनात, ओठ हलवत. "नाही."

"त्यांनाही नाही कळलं. आजोबा सगळ्यांना सांगतात, मीच नंबर चुकवला. डोळ्यांनी दिसत नाही नीट, बारा ऐवजी भलतंच दाबलं असेन. रुग्णालयात पलंगाजवळ यायला तयार नव्हते, बाहेरच्या बाकावर बसून असायचे. सुनेने बाळासाठी पाळणाघर शोधायला घेतलंय. तिची तरी काय चूक."

मी म्हटलं, आपण दुसरं पत्र पाठवू. अधिक स्पष्ट. मुद्देसूद.

सिस्टरनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते वाक्य अर्ध्यातच गिळलं. मग त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. साधा, रस्त्याचं नाव, इमारत, मजला. घराचा पत्ता.

मंगळवार, ११ मार्च

गेलो नाही. सर्व्हरचं काम होतं. नव्हतं.

बायकोला सांगितलं, जाऊन काय बोलणार? ती वह्या तपासत होती. म्हणाली, "पोरं मला येऊन सांगतात, बाई, काच फुटली. मी विचारते, फुटली की फोडलीस? तुला तेवढंच बोलायचंय."

शनिवार, १५ मार्च

शेवटी आज सकाळी गेलो. जाताना काय न्यावं हे कळेना. फळं न्यावीत तर बाळाला चालत नाहीत, खेळणं न्यावं तर त्यात बॅटरी. दुकानात उभा राहून एकेक खेळणं उलटंपालटं करून बघत होतो; दुकानदाराला वाटलं मी चोर आहे. शेवटी कापडी हत्ती घेतला.

चौथा मजला. दार सुनेने उघडलं. बाळ तिच्या कडेवर. मी केंद्रातून आलोय म्हटल्यावर तिने आत घेतलं, पण चेहरा तसाच. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. मला बघून उठून उभे राहिले. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, आणि ते माझ्यासाठी उठले.

मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला माझ्यामुळे. म्हाताऱ्या माणसाने यंत्राच्या नादी लागू नये."

मी घरून भाषण तयार करून गेलो होतो. त्यात रीराइट होतं, ब्राउजर होता, डॉलरचं चिन्हसुद्धा होतं. एक शब्द आठवेना. हत्ती हातात धरून मी भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा.

मग म्हटलं, "आजोबा, तुम्ही नंबर बरोबर टाकला होता."

"नाही हो. माझे डोळे..."

"चारशे बाराच टाकला होता तुम्ही. आमच्याकडे नोंद असते. त्या वेळी, या घरातून, चारशे बारा. मी स्वतः पाहिलंय. तुम्ही बरोबर नंबर टाकलात आणि मी तुम्हाला चुकीचं पान दाखवलं. ते पान मी लिहिलंय. वेबसाइट मी करतो. चूक माझ्या हातून झाली, केंद्राच्या नाही, यंत्राच्या नाही, तुमच्या तर नाहीच. मी तपासायला हवं होतं. मला सांगितलंही होतं तपासायला."

आजोबा खाली बसले. बाळाने हत्तीकडे हात केला म्हणून मी तो दिला. सुनेने तो आधी स्वतः घेतला, शिवण दाबून पाहिली, मग बाळाला दिला.

"म्हणजे," ती म्हणाली, "बाबांनी तुमचं ऐकून पाणी पाजलं."

"हो."

"आणि तुमचं पान बरोबर असतं तर?"

"तर ते लगेच रुग्णालयात गेले असते."

"लगेच," आजोबा म्हणाले. "खाली टॅक्सी उभीच असते. मी चप्पलही घातली नसती."

आता ती बोलेल, ओरडेल, मी खाली मान घालून ऐकेन, अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुम्हाला मूल आहे?" मी म्हटलं, मुलगी आहे, सात वर्षांची. "मग तुम्हाला मी काही सांगायची गरज नाही." हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मला बसायलाही सांगितलं नाही आणि ते बरोबरच होतं.

मी निघालो. दाराशी बूट घालताना नाडीची गाठ सुटेना, वाकलेलाच होतो. मागे तिचा आवाज आला. माझ्याशी बोलत नव्हती.

"बाबा, सोमवारपासून मला कामावर जायचंय."

आजोबांनी घसा साफ केला. "पाळणाघर मिळालं का?"

"नाही बघत आता. तुम्ही आहात ना घरी?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग बाळाचा, हत्ती कुणीतरी काढून घेतला की करतात तसा, आणि आजोबांचा, अगदी हळू, "अरे, देतो, देतो बाबा, हे बघ दिला."

मी गाठ तशीच ठेवून जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर नाडीवर पाय पडून जवळजवळ आपटलोच.